कुणाचीच नसलेली खोली

सोमवार, ६ ऑक्टोबर

ताईला काल दाखल केलं. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. ती खाट मिळावी म्हणून वॉर्डच्या मोठ्या सिस्टरची मनधरणी केली. याच इस्पितळाचा इमारत विभाग मी सांभाळते. दिवे, नळ, लिफ्ट, खुर्च्या, गळकी छतं, सगळं माझ्या गळ्यात. इतकी वर्षं हक्काने दारं ठोठावत फिरले, पण आपल्या माणसासाठी काही मागायची वेळ पहिल्यांदाच आली. जीभ अडखळली.

ताई म्हणाली, "उशाशी बसून सुस्कारे सोडण्यापेक्षा लिहीत जा काहीतरी. माझं डोकं खातेस ते कागदाचं खा." म्हणून हे.

तिला आधी जिना चढताना दम लागायचा, आता बोलतानाही लागतो. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जन्मभर बस चालवली, धुरामुळे झालं असेल का, असं विचारलं. "असेलही, नसेलही," म्हणाल्या. ताईला सांगितलं तर म्हणते, "बरोबर बोलल्या. आपल्या डेपोचे मेकॅनिकही असंच बोलायचे."

दुपारी संचालकांनी बोलावलं. नातेवाईक जिन्यात बसून प्रार्थना करतात, स्ट्रेचर अडतं, तक्रारी आल्यात. "एक खोली देऊन टाका त्यांना."

"कुणाला, सर?"

"सगळ्यांना."

"कुठल्या पद्धतीची?"

"कुठल्याच नाही. म्हणजे सगळ्यांची. तुम्ही बघा ना जरा."

साहेबांना बोलायला काय जातं. तळमजल्यावरची जुनी प्लास्टर रूम रिकामी आहे. कोपऱ्यात बेसिन आहे, त्याचा नळ गळतो. भिंतींत अजून पांढरी भुकटी मुरलेली आहे, हात लावला की बोटांना लागते. एक खिडकी पार्किंगच्या भिंतीकडे. तीच देणार.

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज बैठक झाली. शहरातल्या तीन धर्मसंस्थांचे प्रतिनिधी संचालकांनी बोलावले होते. पहिले गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, दुसरे लॅपटॉप घेऊन आलेले तरुण धर्मशिक्षक. तिसऱ्या प्रतिनिधीला पाहून मला घामच फुटला, कारण तो आमचा दादा. आमचं घर ज्या धर्मसभेचं, तिचा चिटणीस म्हणून आला होता. मला म्हणाला, "नमस्कार मॅडम." मीही म्हटलं, "नमस्कार सर." सख्खी भावंडं आम्ही.

खुर्च्यांची तोंडं कुठल्या भिंतीकडे, यावर चहा गार झाला. मग बूट. एकाला ते बाहेर हवेत, दुसऱ्याला चालतात, तिसऱ्याला चालतात पण मोजे स्वच्छ हवेत. बँकवाल्यांना बेसिन पसंत पडलं, आधी हात धुता येतील म्हणून. धर्मशिक्षकांना पवित्र जागेत बेसिन म्हणजे ओंगळपणा वाटला. दादाने सभेची पुस्तकं ठेवायला कुलपाचं कपाट मागितलं. "कुलूप कशाला?" मी विचारलं. "दुसरी पुस्तकं त्यात मिसळायला नकोत," म्हणाला. हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. दादाच्या मनात वाकडं काही नसतं, तीच पंचाईत आहे.

शेवटी संचालकांनी हात टेकले. "काहीच ठेवायचं नाही. नुसत्या खुर्च्या." तिघेही नाराज होऊन उठले. त्या दोन तासांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

ताईला सगळं साग्रसंगीत सांगितलं. हसता हसता तिला इतका खोकला आला की सिस्टर धावत आली आणि मलाच बोलणी बसली. खोकला थांबल्यावर ताईने विचारलं, "खिडकी आहे ना पण?"

"आहे. भिंत दिसते पलीकडे."

"पुरे झालं की."

मग दम घेत घेत म्हणाली, "पहिल्या फेरीच्या आधी मी गाडीत बसायचे. इंजिन बंद. माणूस नाही, काणूस नाही. रिकाम्या सीटा आणि समोरची काच. कंडक्टर बाहेर बिडी ओढत असायचा, त्याला माहीत होतं, हाक मारायचा नाही."

"आरसे वगैरे तपासत असशील."

"आरसेही तपासायचे," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली, म्हणून उठले. तर म्हणते कशी, "बस ना. मी झोपले नाहीये."

बुधवार, २२ ऑक्टोबर

सभेचं इथे लिहून ठेवते. नाहीतर नंतर वाचताना माझं मलाच वाटेल की आम्ही भावंडं कशावरून भांडत होतो.

आमचं घर पहिल्यापासून सभेचं. दर आठवड्याला जायचं, ठरलेल्या बाकावर बसायचं, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. ताई बसवर लागली तेव्हा तिची पाळी सभेच्या दिवशी यायला लागली. सभेने सांगितलं, नोकरी बदल. तिने बदलली नाही. चार-सहा महिन्यांनी ती आपण होऊन सभेत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी कुणावर तक्रार नाही. सभेला आले नाही की चुकल्यासारखं वाटेल म्हणून वाट पाहत होते. नाही वाटलं. तेव्हा आता येणार नाही." आई खाली मान घालून बसली होती. सभेने तिचं नाव काढून टाकलं.

मी जात राहिले, आईसाठी. आई गेल्यावर दादासाठी वर्षातून एकदा-दोनदा. माझा कशावर विश्वास आहे असं नाही. ओठ हलवते झालं. माझे यजमान गेले, त्यानंतर ताई माझ्याकडेच राहायला आली. देवाधर्माचा विषय आमच्या घरात निघतच नाही. ती सकाळी गॅलरीत उगाच बसून राहते, मी ऑफिसची घाई करते. ताई पक्की नास्तिक आहे आणि मी आळशी, असं मी लोकांना गमतीने सांगत आले.

सोमवार, २७ ऑक्टोबर

खोली उघडली. दारावर 'शांत खोली' अशी पाटी लावली. दिवसभरात फक्त लिफ्टमन आला आणि खुर्चीत डुलकी काढून गेला. संचालकांना म्हटलं, उपयोग सुरू झाला.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आता येतात लोक. जेवणाच्या सुट्टीत मी तपासणीला जाते. कुणी काय मोडलं, दिवा चालू राहिला का, वगैरे. एक उंच गृहस्थ येतात, चष्मा काढून मांडीवर ठेवतात आणि तसेच बसतात. एक बाई येते, तिचा मुलगा अपघाताच्या वॉर्डात बेशुद्ध आहे. ती भिंतीशी बोलते. मोठ्याने नाही, शेजारणीशी बोलावं तसं. "आज त्याने बोट हलवलं. सिस्टर म्हणते, आपोआप हलतं. तुला काय वाटतं?" असं विचारते आणि थांबते. भिंत बोलायची थांबेपर्यंत गप्प बसते. पहिल्या दिवशी मला अवघडल्यासारखं झालं. आता होत नाही.

मागच्या ओळीतली खुर्ची डगमगते. सुताराला सांगायला हवं. ती नेमकी कुठला पाय टेकत नाही हे बघायला आज त्याच खुर्चीत बसून पाहिलं. सुट्टी संपली तेव्हा कळलं की जेवायचं राहूनच गेलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. दार लावतात तेव्हाच कळतं. म्हणाल्या, आता औषधाने मागे वळणार नाही. त्रास कमी ठेवू. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. केबिनच्या छताला ओल आली होती. "हे दुरुस्त करून घेते," मी म्हटलं. त्यांनी माझा हात धरला. मी पुन्हा म्हटलं, "उद्याच माणूस पाठवते."

तिथून खाली आले. खोलीत कुणी नव्हतं. नळ गळत होता. थेंब पडतो, मग दुसरा पडेल पडेल म्हणून वाट बघावी तर पडत नाही, आणि लक्ष उडालं की पडतो. वॉशर गेला असणार. तो बघत बसले. मनात काही आलं नाही, खरंच काही नाही. नुसतं एवढंच येत होतं, की तिला दम लागू देऊ नको. तिला दम लागू देऊ नको. कुणाला सांगत होते कोण जाणे, बहुतेक स्वतःलाच बजावत असेन. पहारेकरी दार लावायला आला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. "मॅडम, अजून तपासणी चाललीय?" म्हणाला.

प्लंबरला अजून सांगितलेलं नाही. विसरायला होतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

दादा सभेच्या प्रवचनकारांना घेऊन आला. म्हातारे, सज्जन गृहस्थ आहेत, आवाज मऊ. खाटेजवळ स्टूल ओढून बसले. सभेत परत घेण्याचा एक छोटा विधी असतो. तीन प्रश्न विचारतात, प्रत्येकाला 'हो' म्हणायचं. तेवढं केलं की सभेच्या दफनभूमीत जागा मिळते. आई-बाबा तिथेच आहेत, शेजारची जागा दादाने राखून ठेवली आहे. नाव काढलेल्या माणसाला तिथे पुरत नाहीत, आणि सभेची माणसं त्याच्या शेवटच्या कार्याला जात नाहीत.

ताईने ऐकून घेतलं. म्हणाली, "महाराज, तुम्ही जिने चढून आलात. लिफ्ट बंद होती का?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चिमे, लिफ्ट बंद आहे?"

"ताई, विषय बदलू नकोस," दादा म्हणाला.

"बदलत नाही रे. महाराज, तुमचे तीन प्रश्न मला पाठ आहेत. पहिल्या दोनांना मी हो म्हणेन, मनापासून. तिसरा प्रश्न आहे, की सभेवाचून दुसरा मार्ग नाही हे तुला मान्य आहे का. त्याला हो कसं म्हणू? मी त्या दुसऱ्या मार्गावरूनच तर आले एवढी वर्षं. फार काही दिसलं नाही मला, खोटं कशाला बोलू. पण कुणीतरी बरोबर होतं."

मला हे नवीन होतं. पहिल्या दोनांना हो? पण औषधांनी माणूस काहीही बोलतं असं सिस्टर म्हणते.

प्रवचनकार म्हणाले, "नुसता शब्द आहे, बाई. भावाच्या समाधानासाठी म्हणा."

"नुसता शब्दच असेल तर तुम्ही गाळा ना."

ते उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर गेले. दादा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून उभा. "तू तिकडे एकटी," म्हणाला. "आईला काय सांगू मी? मेल्यावर आम्ही तुला शोधायचं कुठे?"

म्हणजे तो दफनभूमीतल्या जागेसाठी हट्ट धरून बसला आहे असं मला वाटत होतं, ते तसं नव्हतंच.

ताईने त्याला जवळ बोलावलं. "अरे शहाण्या," म्हणाली. लहानपणापासून ती त्याला शहाण्याच म्हणते. "लपंडावात तरी कधी सापडले का मी तुला?" तो हसला नाही. व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर म्हणाला, "तू तरी सांग तिला. तुझं ऐकते ती."

ताई माझं कधी ऐकत होती?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ताईने हट्टच धरला, तुझी ती खोली दाखव. सिस्टरची परवानगी काढली, व्हीलचेअर आणली, मागे सिलिंडर अडकवला. लिफ्टमध्ये ती बटणांकडे बघत म्हणाली, "दार फार झटकन लागतंय. म्हातारं माणूस चेपेल." तिच्या अंगातली ड्रायव्हरकी जात नाही.

खोलीत चष्मेवाले गृहस्थ होते आणि भिंतीशी बोलणारी बाई. मी ताईची खुर्ची खिडकीशी लावली. सिलिंडरचा बारीक फुसफुस आवाज तेवढा. ताई पार्किंगच्या भिंतीकडे बघत होती. तिथे बघण्यासारखं काही नाही, पोपडे आलेत. तिचा श्वास हळूहळू शांत झाला. वर वॉर्डात तो असा कधी होत नाही. इथे गारवा असल्यामुळे असेल.

बाई उठून जाताना ताईपाशी थांबली. "तुमचं कोण आहे आत?" तिने विचारलं.

"मीच आहे," ताई म्हणाली.

बाईने मान हलवली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि का कुणास ठाऊक, दोघीही हसल्या.

परत येताना ताईने विचारलं, "तू रोज येतेस इथे?"

"तपासणीला."

"हं," ती म्हणाली. "तपासणी चांगली चाललीय तुझी. सोडू नकोस."

मी म्हटलं, कामच आहे माझं, सोडून जाईन कुठे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तिन्ही संस्थांनी मिळून संचालकांना निवेदन दिलं. खोलीत कुणीही येतं, झोपतं, बडबडतं, शिस्त नाही, पावित्र्य नाही. तेव्हा वेळ वाटून द्यावी. सकाळ एका संस्थेची, दुपार दुसरीची, संध्याकाळ सभेची. आपल्या वेळेला आपला माणूस बसवून देखरेख करू. इस्पितळाला त्रास नाही. खाली पहिली सही दादाची.

संचालकांना तेच हवं होतं. "बघा, शेवटी त्यांनीच मार्ग काढला," म्हणाले.

"आणि जे कुणाचेच नाहीत, ते?" मी विचारलं.

"असे कितीसे असणार हो?"

संध्याकाळी दादाला फोन केला. जरा आवाज चढला माझा. तो म्हणाला, "अगं, मोकळी खोली बघून लोक बुजतात. काय करायचं हे कुणीतरी सांगावं लागतं माणसाला. तू इमारत बघ, ते आम्ही बघतो." मी फोन आपटला. मग ताईची चौकशी न करताच त्याने ठेवला असं मनात आलं, आणि मग आठवलं की फोन मीच आपटला होता.

सोमवार, २४ नोव्हेंबर

वेळापत्रक दारावर लावलं. मीच लावलं, दुसरं कोण लावणार. दुपारी त्या बाईला दारातल्या स्वयंसेवकाने अडवलं. विचारलं, तुम्ही कोणत्या संस्थेच्या? ती म्हणाली, अपघात वॉर्ड. त्याला वाटलं थट्टा करते. ती वाद न घालता जिन्यात जाऊन बसली, पहिल्या वळणावर. स्ट्रेचर आलं तशी उठून उभी राहिली, पुन्हा बसली.

मी वरच्या पायरीवरून हे बघितलं आणि ताईकडे गेले. तिला सांगितलं नाही. आता तिला फार काही सांगत नाही. ती बहुतेक वेळ डोळे मिटूनच असते, माझी बोटं धरून. मध्येच एकदा म्हणाली, "काय झालं?" काही नाही, म्हटलं. "बरं," म्हणाली, आणि माझी बोटं जरा घट्ट धरली.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ताई कालपासून शुद्धीत नाही.

दुपारी दादा आणि प्रवचनकार आले. माणसाला बोलता येत नसेल तर जवळच्या नातेवाइकाने त्याच्या वतीने तीन वेळा हो म्हटलं तरी सभेला चालतं. दाखल करताना ताईने जवळचं माणूस म्हणून माझं नाव लावलं होतं, त्यामुळे ते मीच म्हणायला हवं होतं. दादाचं चालणार नव्हतं.

खरं सांगायचं तर मी हो म्हणायचं ठरवून बसले होते. माझा कशावर विश्वास नाही, मग त्या शब्दाला तरी एवढं काय महत्त्व द्यायचं? ताईला कळणार नव्हतं. आई-बाबांच्या शेजारी जागा होती. दादाला झोप लागली असती. एका 'हो'त तीन माणसांचं भलं होत होतं, आणि वाईट कुणाचंच नव्हतं.

प्रवचनकारांनी हळू आवाजात पहिला प्रश्न विचारला. मी म्हटलं, हो. दुसरा विचारला. हो. तिसरा विचारला. मी तोंड उघडलं. दादा माझ्याकडे बघत होता, लहान मुलासारखा. ताईचा श्वास वर जायचा, थांबायचा, आणि आता येत नाही असं वाटलं की यायचा.

"नाही," मी म्हटलं.

"काय?" दादा म्हणाला.

"ती नाही म्हणाली होती. मी हो कसं म्हणू?"

"तुझा तर विश्वासच नाही कशावर! तुला काय फरक पडतो?"

प्रवचनकारांनी माझ्याकडे बघून मान खाली घातली, रागाने नाही. दादा दारापर्यंत गेला, परत आला, ताईचं पांघरूण गळ्यापर्यंत सारखं केलं आणि निघून गेला.

मी काय केलं हे? दादाचं मन मोडलं, आणि कशासाठी, तेही सांगता येत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सकाळी गेली. ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं. मी बोटं धरून होते. कळलं तेही उशिराच. नंतर थोडा वेळ मी तशीच बसून राहिले, कुणाला हाक मारली नाही.

दादाला निरोप पाठवला.

सोमवार, १ डिसेंबर

शहराबाहेरच्या सार्वजनिक दफनभूमीत. सकाळी गार वारा होता. डेपोतली काही माणसं आली होती, निवृत्त झालेली, एक-दोन नोकरीवरची. त्यांनी खांदा दिला. खाली ठेवल्यावर त्यांतला एक माझ्याकडे आला. "कुणी काही म्हणणार आहे का?" मी नाही म्हणून मान हलवली. "मग करायचं काय?" म्हणाला. मलाही माहीत नव्हतं. सगळे हात बांधून उभे राहिले, बराच वेळ. कुणीतरी खोकलं. मग माती लोटली.

मी सारखी फाटकाकडे बघत होते. दादा आला नाही.

ती भिंतीशी बोलणारी बाई मात्र आली होती. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. तिचा मुलगा तसाच आहे. जाताना एवढंच म्हणाली, "मी सांगितलंय." कुणाला, काय, ते विचारलं नाही.

घरी आले. गॅलरीतली तिची खुर्ची आत घेतली. ओली झाली असती.

रविवार, १४ डिसेंबर

दादाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "जागा दाखवशील का?"

दुपारी फाटकापाशी भेटलो. सभेला जायच्या कपड्यांतच आला होता, काळा कोट, पॉलिश केलेले बूट. चार दिवसांच्या पावसाने सगळा चिखल झाला होता. तो फाटकातच थांबला.

"त्या दिवशी इथपर्यंत आलो होतो," म्हणाला. "त्या वळणावर उभा होतो. तुम्ही सगळे दिसत होता."

"मग आत का नाही आलास?"

"मनाई असते ना आम्हाला."

"कुणी केली होती?"

तो बुटांकडे बघत राहिला. "केली नव्हती कुणी. मी विचारलंच नाही."

"आत चल."

"तिथे सभेचं काही म्हणता येणार नाही मला."

"नको म्हणूस."

"मग करायचं काय?" त्याने विचारलं. खरंच विचारत होता. फोनवर म्हणाला होता, काय करायचं हे कुणीतरी सांगावं लागतं माणसाला, ते मला आठवलं. टोमणा मारायचा होता, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून जीभ आवरली. "मला माहीत नाही," म्हटलं.

आलो आत. जागेवर अजून दगड नाही, नुसता मातीचा उंचवटा. दादा आधी ताठ उभा राहिला. मग ओरडलाच एकदम, "असं वागतात का गं?" मी दचकले. त्याला माझं भानच नव्हतं. मग तो बोलतच सुटला. कधीपासून हट्टी आहेस तू. शेजारच्या कुत्र्याला घरात घेऊन आली होतीस तेव्हाही अशीच गप्प बसलीस, मार मी खाल्ला. त्याचा उजवा गुडघा दुखतो आजकाल, जिना उतरताना जास्त. सुनेशी पटत नाही. आईच्या शेजारची जागा तशीच ठेवलीय, कुणी मागितली तरी देत नाहीये. आपली चिमी वाळलीय, नीट जेवत नाही वाटतं. मध्येच थांबायचा, ऐकल्यासारखं करायचा, पुन्हा बोलायचा. शेवटी आवाज इतका खाली गेला की मला ऐकूच येईना, नुसते ओठ हलत होते.

मी बाजूला उभी होते. मला वाईट वाटत होतं त्याच्यासाठी. एवढा लांब आला, चिखल तुडवला, आणि प्रार्थनेची एक ओळ काही त्याच्या तोंडून निघाली नाही. जन्मभर सभेत म्हणत आलेला माणूस. नेमक्या वेळी घरातल्या तक्रारीच सांगत बसला.

फाटकाशी आल्यावर त्याने खिशातून रुमाल काढला, वाकला आणि बूट पुसायला लागला. सभेची वेळ होत आली होती. चिखल बघून कुणी विचारलं असतं. आधी टाचा, मग शिवणी, मग नाडीखालचे डाग, सगळं त्याने सावकाश पुसलं. रुमाल मातीने पार माखला.

"टाकून दे तो आता," मी म्हटलं. फाटकाजवळ कचऱ्याचा डबा होता.

"असू दे," म्हणाला. त्याने रुमालाची नीट घडी केली, माती आत राहील अशी, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मग सभेला जायला रस्त्याकडे चालू लागला.

कोटाचं अस्तर खराब होणार. सांगणार होते, पण तो लांब गेला होता.